डाव्या गालावरची पाकळी

आता जे लिहितो आहे ते मी दादांना सांगितलं नाही, आईला नाही, हैदराबादला कॉलेजात माझ्या खोलीत राहणाऱ्या सोबत्यांनाही नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का? तुम्ही आमच्या गावचे नाही — म्हणून असेल. दुसरं कारण मला सापडत नाही.

आम्ही गुरव. केजहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथल्या महादेवाची पूजा आमच्या घराकडे. माझ्या आधी घरातलं कुणी शाळेत गेलं नव्हतं. मी मॅट्रिक झालो तेव्हा दादा — म्हणजे माझे वडील — गावभर कुणाला काही बोलले नाहीत, पण देवळात आलेल्या प्रत्येकाला अंगारा देताना माझ्याकडे बोट दाखवायचे. सरकारी शाळेत सगळं उर्दूत, त्यामुळे तहसिलीतून कुणाला काही आलं की मला बोलावणं यायचं. लोक बाजेवर सरकून जागा करून द्यायचे. हे सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ बहुतेक इथेच आहे.

महालिंग माझा मित्र. गावातल्या किराणा दुकानदाराचा, लिंगायताचा मुलगा. त्याच्या मामांनी बार्शीहून त्याला एक सायकल आणून दिली होती. गावात तेवढी एकच. ती तो इतक्यांदा सुटी करून जोडायचा की अव्वा — त्याची आई, आम्ही सगळेच तिला अव्वा म्हणायचो — म्हणायची, “अरं, त्या लोखंडाच्या अंगावर जरा कातडं ऱ्हाऊ दे की!”

बेत त्याचाच होता. सायकलवर हिंदुस्थान बघायचा. इथून औरंगाबाद, मग निजामाची हद्द ओलांडून खानदेश, नर्मदा, झाशी, काशी, आणि तिथून जमेल तितकं हिमालयाकडे. घरी मात्र त्याने सांगितलं की काशी-केदारची यात्रा करायची आहे, वाटेत आपले मठ आहेत, मुक्कामाची चिंता नाही. मला म्हणाला, “देव हितं बी हाय की. मला रस्ता बघायचाय, बे.” दुसरी सायकल मामा देणार होते. पंक्चर, साखळी, चाकं त्याच्याकडे. बोलणं माझ्याकडे, कारण मला उर्दू येत होतं आणि थोडं इंग्रजी.

दुपारी देवळात कुणी नसायचं. सभामंडपाच्या फरशीवर मी भस्माने नकाशा काढायचो, शाळेच्या भिंतीवर होता तसा. नद्या बोटाने, डोंगर चिमटीने. महालिंग त्याच्याभोवती रांगत फिरायचा. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर काय विचारतात, आपली निजामाची हाली नाणी पलीकडे कुठवर घेतात, नर्मदेला होडी आहे की पूल — जो गाडीवान दुकानात तंबाखूला थांबेल त्याला तो हे विचारायचा. संध्याकाळच्या पूजेआधी मी सगळा हिंदुस्थान केरसुणीने लोटून टाकायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आणि मी — मी त्याच्यापेक्षा जास्त बोलायचो. झाशीचं मैदान कसं असेल, काशीचे घाट कसे — मी जणू बघून आलो होतो. मला जायचं होतं का? त्या दुपारी जायचं होतं. फरशीवर सगळं जवळच होतं.

मग एकदा आम्ही तालीम म्हणून मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत गेलो. एकच सायकल, आळीपाळीने चालवत. पोचलो तेव्हा माझी मांडी धरली होती, पण ते सांगण्यासारखं नाही. फाट्यावर एका गाडीवानाने विचारलं, “कुठले, पोरानु?” मी गावाचं नाव सांगितलं. त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मी तिथल्या गुरवाचा, मॅट्रिक झालेला. त्याने बैलाच्या शेपटीवरचं गोचिड काढलं आणि म्हणाला, “आसंल, आसंल.”

बस, एवढंच झालं. तुम्ही म्हणाल, यात काय झालं? मीही तेच म्हणतो. पण समोर बीडकडे जाणारा पांढरा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर मी कुणीच नव्हतो. इथेच नव्हतो, तर नर्मदेपलीकडे कोण असणार होतो? मला जी भीती वाटली ती वाघाचोरांची नव्हती. महालिंग मात्र हसत होता. म्हणाला, “गुरवा, हितंच कुणी वळखंना. मंग म्होरं तर लई मजा हाय!”

परत येताना मी ठरवलं की जायचं नाही. हे त्याला सांगायचं होतं. रस्ताभर सांगायचं होतं. सांगितलं नाही. कसं सांगणार — घाटांचं वर्णन मीच केलं होतं ना?

माझी वाट सोपी झाली ती अव्वामुळे. यात्रेला तिची ना नव्हती, पण देवाचा कौल घेतल्याशिवाय ती लेकाला वेशीबाहेर सोडणार नव्हती. आमच्याकडे कौल असा लावतात: पिंडीवर देवाचा पितळी मुखवटा बसवायचा. कण्हेरीच्या दोन सारख्या पाकळ्या घ्यायच्या, पाण्यात बुडवायच्या, आणि मुखवट्याच्या दोन्ही गालांवर अंगठ्याने एकेकदा दाबून चिकटवायच्या. गुरवाने प्रश्न मोठ्याने म्हणायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नाही.

दादांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून दोनेक वर्षांपासून कौल मीच लावत होतो. ते जवळ बसून राहायचे.

त्या सोमवारी अव्वा, महालिंग आणि त्याचे वडील आले. आणखी चारदोन माणसं होतीच. अव्वाने पदर पसरला आणि म्हणाली, “म्हाद्येवा, माझ्या ल्येकाला लांबचा रस्ता धार्जिणा हाय का न्हाई, सांग.”

इथे मी थांबू शकलो असतो. गुरव प्रश्न नीट करून देतो, ते त्याचं कामच आहे. ‘या वर्षी’ म्हणता आलं असतं, ‘या यात्रेला’ म्हणता आलं असतं. मी अव्वाचे शब्द जसेच्या तसे म्हटले. घाईत होतो.

उजवी पाकळी मी पाण्यात चांगली बुडवली. डावी बुडवली — आणि मुखवट्याकडे हात नेताना धोतराला टिपून घेतली. सवयीने नाही. बोट घसरलं म्हणून नाही. कोरडी व्हावी म्हणून टिपली. मग गालावर ठेवली, दाबली नाही.

ती लगेच पडेल असं मला वाटलं होतं. पडली नाही. बराच वेळ लटकून राहिली. सगळे मुखवट्याकडे बघत होते आणि मी महालिंगाकडे. तो देवाला फारसा मानायचा नाही, तरी त्याने हात जोडले होते, आणि ओठ हलत होते. त्या वेळात मी पाण्याचं बोट पुढे केलं असतं, पाकळी सरळ करतो म्हणालो असतो, तर कुणी हरकत घेतली नसती. मला ते सुचलंही होतं. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

पाकळी पडली. अव्वाने ती उचलून डोळ्यांना लावली.

बाहेर आल्यावर महालिंगाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, “माझ्यापायी तुझंबी जाणं बुडलं बे. तू वाईट वाटून घिऊ नको.” मी काय केलं असेल? मी सुस्कारा सोडला. त्याला दिसेल असा.

दादांनी पाहिलं होतं का? ते कधी बोलले नाहीत. पण पुढचा कौल त्यांनी स्वतः लावला, थरथरत्या हातांनी, आणि त्यानंतर मला मुखवट्याला हात लावू दिला नाही. त्या पावसाळ्यानंतर त्यांनी मला हैदराबादला पाठवलं. गाव म्हणालं, गुरवाने पोराला शिकवायचं मनावर घेतलं. तसंही असेल.

आता खरी गोष्ट. मला वाटलं होतं, एक यात्रा बुडेल, महिनाभर वाईट वाटेल, संपेल. पण प्रश्न यात्रेचा नव्हताच. लांबचा रस्ता महालिंगाला धार्जिणा नाही, हे देवाने सांगितलं होतं, आणि देवाने असं सांगितलेलं गावात पुसलं जात नाही. मामांनी दुसरी सायकल दिली नाही, पहिलीही घेऊन गेले. बार्शीच्या बाजाराला बैलगाड्या निघायच्या, त्यात त्याला कुणी घेईना. वाईटपणाने नाही, हसत, “ऱ्हा बाबा, दुकान बघ.” केजला मोटार सर्व्हिस सुरू झाली. तिच्या मालकाने आमच्या गावात बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनवर महालिंगाचे हात चालताना पाहिले आणि ड्रायव्हर करतो म्हणाला. अव्वा रडली, पण तिनेही शेवटी हो म्हटलं होतं. मग मालकाच्या कानावर कौलाचं गेलं. त्याने निरोप पाठवला की पोरगा गुणाचा आहे, पण उतारू बसायचे नाहीत. हे मला सुट्टीत आलो तेव्हा आईने सांगितलं, भाकरी वाढताना. मी भाकरी खाल्ली.

महालिंग आधी या सगळ्याला हसायचा. मग हसायचा थांबला. आता तो स्वतःच वेशीपाशी थांबतो. मला निरोप द्यायला येतो तेव्हा गाडीबरोबर चालतो, आणि वेशीवरचा ओढा आला की पाय आवरतो. मागे एकदा मी म्हटलं, “चल की फाट्यापर्यंत.” म्हणाला, “कावून उगंच? तुझ्या गाडीला काय झालं तर?” माझ्या गाडीची त्याला काळजी.

मी सांगू शकलो असतो. दर सुट्टीला. कॉलेजात मी वादसभेत बोलतो, सत्यावरही एकदा बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांगितलं तर गुरवाचं घर गावातून उठेल, दादांची पूजा जाईल — असं मी स्वतःला समजावतो. हे खरं आहे. पण ज्या दिवशी पाकळी टिपली त्या दिवशी यातलं काही माझ्या मनात नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दुकानात बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. तो गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकलत होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “हैदराबादेला जाताना वाटंत काय काय लागतं रे?”

त्या वाटेवर मी काय काय बघितलं आहे — काळ्या रानातून एकदम उठणारे दगडांचे ढीग, रेल्वेच्या पुलाखालची मांजरा, पहाटेच्या उजेडात शिंदीची झाडं. सांगायला बसलो असतो तर दिवस पुरला नसता.

मी म्हटलं, “काही नाही रे. सगळं आपल्यासारखंच.”

“आसंल,” तो म्हणाला, आणि ढेपेवर गोणपाट टाकलं.