गोठेवाल्या सरपंचबाई

आमच्या शेजारीणबाईंशी माझी ओळख खरवसामुळे झाली.

२०१२च्या सुमारास नवऱ्याला गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून ब्राउनश्वाइगजवळच्या एका खेड्यात राहायला गेलो. शहरात घर मिळेना, म्हणून खेडं. कुंपणापलीकडे गाईंचा मोठा गोठा होता आणि तो एकटीने सांभाळणाऱ्या साठीच्या बाई. उंच, रुंद खांद्यांच्या, पायांत कायम हिरवे गमबूट. नवरा पूर्वीच वारलेला, मुलगा हांबुर्गला बँकेत.

एका सकाळी त्यांच्याकडची गाय व्यायलेली दिसली. माझं माहेर सांगलीकडचं, घरी म्हशी. मला राहवेना. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी कुंपणावरूनच चीक मागितला.

"प्यायला?" त्यांनी डोळे मोठे केले. "तो वासराचा असतो!"

"वासराचं पोट भरून उरेल तो."

त्यांनी किटलीभर चीक दिला, पण चेहऱ्यावर शंका होती. संध्याकाळी मी वेलदोडा-जायफळ घातलेल्या खरवसाच्या वड्या घेऊन गेले. पहिली वडी त्यांनी उभ्यानेच चाखली. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या आणि ताटली रिकामी केली.

"चाळीस वर्षं मी हे ओतून देत आले," त्या हळहळून म्हणाल्या.

त्यानंतर गाय व्यायली की किटली आमच्या दारात. माझी मुलगी त्यांना 'कू-ओमा' म्हणायला लागली, म्हणजे गाईवाल्या आजी. मी मराठीत विचारलं तरी ती जर्मनमध्येच उत्तर द्यायची, आणि त्याचं श्रेय या आजींना होतं.

तेव्हा मी शहरात जर्मनच्या क्लासला जायचे. क्लास साडेसहाला सुटायचा आणि आमच्या गावाची शेवटची बस सहाला निघायची. त्यामुळे रोज अर्धा धडा टाकून मला पळावं लागे. क्रियापदांचा भूतकाळ नेहमी शेवटच्या अर्ध्या तासात शिकवत, म्हणून मी कित्येक महिने फक्त वर्तमानकाळात बोलत होते. हे ऐकून बाई आधी पोट धरून हसल्या, मग गंभीर झाल्या. "आमच्या गावात सहानंतर कोणी जिवंतच नसतं, असं त्या बसवाल्या ऑफिसला वाटतं."

पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गाई ठेवा नाहीतर गुडघे. गाई न्यायला ट्रक आला तेव्हा त्या प्रत्येकीला नावाने हाक मारून, मानेवर थोपटून वर चढवत होत्या. रडल्या नाहीत. मी मात्र कुंपणाशी उभी राहून रडले.

तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात दिवा दिसला. चहाचा थर्मास घेऊन गेले, तर बाई रिकामा गोठा झाडत होत्या.

"पाचला जाग येतेच," त्या म्हणाल्या. "आता या पहाटेचं मी काय करू, सांग."

गावचे म्हातारे बुर्गरमाइस्टर, म्हणजे आपल्याकडचे सरपंच, त्या वर्षी पायउतार होणार होते. "उभ्या राहा निवडणुकीला," मी सहज म्हणून गेले.

"मी? मला फक्त गाईंशी बोलता येतं."

"मग माणसं सोपी जातील."

त्या हसल्या, झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "बरं. पण तू पोस्टर लावशील. आणि आता मला 'दू' म्हणायचं." तोंडाने मी 'दू', म्हणजे 'तू', म्हणू लागले. मनात मात्र 'अहो'च राहिलं.

मला मत देता येणार नव्हतं, पण खळ आणि ब्रश घेऊन मी अख्खं गाव फिरले. त्यांचा एकट्यांचा बरा फोटो सापडेना, म्हणून पोस्टरवर शेजारी एक गाय होती आणि ती बाईंपेक्षा मोठी दिसत होती. बेकरीत लोक विचारायचे, "यांतली उमेदवार कोण?" बाई गावाच्या सभेवर निवडून आल्या. मग त्या सभेने त्यांनाच सरपंच केलं.

त्यांनी जुन्या दूधखोलीत टेबल टाकलं. भेटण्याची वेळ, सकाळी सहा ते आठ. सुरुवातीला लोक कुरकुरले. मग कामावर जाताजाता थांबू लागले. कोणाचं झाड शेजाऱ्याच्या छपरावर आलेलं, कोणाला सरकारी फॉर्म कळेना. बाई ऐकून घ्यायच्या, वहीत एक ओळ लिहायच्या आणि त्याच दिवशी फोन लावायच्या.

बससाठी त्यांनी चार पत्रं लिहिली. उत्तर एकच, संध्याकाळी प्रवासी नाहीत. मग त्यांनी बस ऑफिसातल्या साहेबांना गावात चर्चेला बोलावलं. वेळ साडेपाचची, आणि विनंती अशी की गाडी न आणता बसनेच यावं. साहेब आले. मी खरवस केला होता. बाईंनी त्यांना गावाचा नकाशा दाखवला, मग गोठा, मग आजोबांच्या काळातलं लोणी घुसळायचं पिंप. साहेबांनी घड्याळ पाहिलं तेव्हा साडेसहा वाजले होते आणि परतीची शेवटची बस निघून गेली होती.

"आता मी परत कसा जाऊ?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" बाई म्हणाल्या. "हाच माझा प्रश्न आहे."

क्षणभर मला वाटलं, सगळं फिसकटलं. पण साहेब खो खो हसत सुटले. बाईंनी त्यांना ट्रॅक्टरवर शेजारी बसवून शहरातल्या स्टेशनला सोडलं.

दोन महिन्यांनी संध्याकाळी साडेसातची बस सुरू झाली, प्रयोग म्हणून. ती रिकामी धावू नये म्हणून बाईंनी गावातल्या गायनमंडळाला कामाला लावलं. मंडळी शहरात कॉफी प्यायची आणि त्याच बसने गात परतायची. ड्रायव्हर सुरुवातीला वैतागला, नंतर खालच्या पट्टीत साथ देऊ लागला. बस टिकली, आणि मी भूतकाळ शिकले. त्याच्या जोरावर पुढे मला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी मिळाली.

पाच वर्षांनी त्यांनी खुर्ची सोडली. निरोपाच्या भाषणात त्या एवढंच म्हणाल्या, "वेळेवर उठले, ऐकून घेतलं. बाकी तुम्ही केलंत." नवे सरपंच तरुण इंजिनियर होते. त्यांनी दूधखोली आणि सहाची वेळ, दोन्ही तशीच ठेवली.

आधी गाईंमुळे आणि मग गावामुळे आयुष्यात त्या कधी आठवडाभराच्या सुट्टीवर गेल्या नव्हत्या. त्या हिवाळ्यात आम्ही त्यांना माझ्या माहेरी घेऊन आलो. दुसऱ्याच दिवशी पहाटे त्या अंथरुणात नव्हत्या. शोधत गेलो तर शेजारच्या गोठ्यात म्हशीची धार काढत बसलेल्या, भोवती सात-आठ बायकांचा घोळका. बायका मराठीत बोलत होत्या, या जर्मनमध्ये, आणि कोणाचंच अडत नव्हतं.

मला पाहताच त्यांनी विचारलं, "या मघापासून त्या नळाकडे बोट दाखवतायत. काय झालंय?"

बायकांना विचारून मी सांगितलं, "पाणी येत नाही चार दिवस."

त्यांनी बादली बाजूला ठेवली, हात पुसले. "इथले बुर्गरमाइस्टर किती वाजता उठतात?"

मी ते मराठीत विचारलं. "आठला वगैरे," एक काकू म्हणाल्या.

"मग उठवू या," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. मागे सगळ्या बायका.