भरलेले ग्लास

सडबरी या खाणींच्या गावातल्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं काढून लॉरेट जेर्वे निवृत्त झाली आणि दोनच महिन्यांत घरी बसून कंटाळली. तेवढ्यात विद्यापीठाला घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी, गावातलीच माणसं हवी होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच मदत मिळते, तरी ते पुन्हापुन्हा इस्पितळात का जातात, हे शोधायचं होतं. "लोकांच्या घरात डोकावायची खोड आहेच मला," असं बहिणीला सांगून तिने अर्ज टाकला.

काम मिळालं आणि तिसऱ्याच दिवशी ती आतोस लेहतिनेनकडे गेली. निकेलच्या खाणीतला जुना कामगार, वय एक्क्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले. मदतनीस बाई सकाळी आठला येई, मग थेट संध्याकाळी सहाला.

"पुरेसं पाणी पिता का?" लॉरेटने फॉर्ममधला प्रश्न वाचला.

"हो."

तिने खूण केली, पण नजर गेली टेबलावरच्या ग्लासाकडे. ताटात काय उरलंय हे बघून पोरांचं काय बिनसलंय ते ओळखायची तिला सवय होती.

"काका, हा ग्लास कधी भरलाय?"

"सकाळी. बाई ठेवून जाते."

"तीन वाजलेत. घोटभरही कमी झालेला नाही."

"प्रश्न विचारायला आलीस की पाणी मोजायला?"

"आता दोन्ही. का पीत नाही?"

आतोसने ग्लास बाजूला सरकवला. "पोरी, प्यायलं की जावं लागतं. उठवायला कोण आहे? एकदा एकटा गेलो, तर चार तास न्हाणीघरात पडून होतो."

त्यानंतर लॉरेट प्रत्येक घरात आधी ग्लास शोधू लागली. एकतीस घरांपैकी अठरा घरांत तो भरलेलाच होता. एक आजी तर बाई रागावू नये म्हणून पाणी रोज कुंडीत ओतत होती.

संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर इमोजेन प्रॅट म्हणाल्या, "फॉर्ममध्ये नाही ते विचारायचं नसतं, लॉरेट."

"मग फॉर्ममध्ये घाला."

प्रॅटबाई दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्याबरोबर तीन घरं फिरल्या आणि परतल्यावर फॉर्म बदलण्यासाठी विद्यापीठाच्या समितीकडे अर्ज केला. समितीची परवानगी यायला पाच आठवडे लागले. नवा प्रश्न लॉरेटच्याच शब्दांत छापला गेला: "उठवायला कोणी नसतं म्हणून पाणी प्यायचं टाळता का?" दोनशेपैकी निम्म्याहून जास्त जणांनी हो म्हटलं.

मग प्रयोग म्हणून, असे म्हातारे राहतात त्यांपैकी दोन इमारतींत मदतनीस दुपारी एकलाही येऊ लागली. वर्षभरात चक्कर येऊन किंवा लघवीचा संसर्ग होऊन इस्पितळात जाणारे तिथे बरेच कमी झाले. आतोस आता दुपारी कॉफीसुद्धा पितो, तीही दोन कप. बाकीच्या इमारतींसाठी मात्र अजून बैठकाच चालू आहेत.

सध्या लॉरेटला वेगळंच कोडं पडलंय. आतोसच्याच इमारतीतले, चौथ्या मजल्यावरचे तिघंजण चांगला पलंग असताना रात्रभर खुर्चीतच झोपतात. ते कसं विचारावं, याची ती मनाशी जुळवाजुळव करते आहे.