कुत्र्याला पोळ्याचा मान

गुळाच्या पुरणाचा वास आला की मला अजून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. आमच्या एकोडीच्या घरी एक जर्मन शेफर्ड होता. अंगानं वाघ, पोटानं तान्हं बाळ. साकोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की या जातीचं आतडं नाजूक असतं, आणि याची रोगाशी लढणारी ताकद तर स्वतःच्याच आतड्यावर उलटली आहे. म्हणून गहू, डाळ बंद, फक्त भात आणि उकडलेली मासोळी. बायकोनं तीन महिने ते वेगळं शिजवलं, तेव्हा कुठे त्याच्या फासळ्या झाकल्या. मग पोळा आला. बैलांना ओवाळून पोळी भरवताना हा आशेनं बघत होता, आणि मला पुण्य सुचलं: हेही घरचंच जनावर, याला मान नको? दिल्या दोन पुरणपोळ्या, वर तूप. सकाळी अंगणभर रक्ताची हगवण आणि त्यात पाय ताणून पडलेला कुत्रा. "तीन महिने मी भात शिजवून राहिली, अन् तुमाले एका दिवसात पुण्य सुचलं?" बायको कडाडली. सलाईन लावता लावता डॉक्टरही भडकले, "काहो भाऊ, हा कुत्रा नांगर ओढते काय?" मग जरा निवळून म्हणाले, "तसा हा आजार पोळीशिवायही उसळू शकते." आठव्या दिवशी तो उभा राहिला. तोवर मी गावभर सांगत सुटलो होतो, "पोळीनं काई नाई झालं, जातच नाजूक आहे!" त्या पोळ्यांपेक्षा या वाक्याचा मला आज जास्त राग येतो. कुत्र्याला बोलता येत नव्हतं, म्हणून ते खपलं.