बारा पानांची झाडलोट

अशोक ताम्हणकर सुरतेतल्या एका मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत, आणि पुस्तकातलं निम्मं स्वतः मानत नसत. सरकारने जितकं कमी करावं तितकं बरं, हे त्यांचं ठाम मत. गल्ली चालते ती घर, शेजार आणि रूढी यांच्या जोरावर. चालत्या गोष्टीला हात लावण्याआधी ती का चालते ते विचारा, हे ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवत. मिक्सर घ्यावा की नाही यावर त्यांनी चार वर्षं विचार केला. पाचव्या वर्षी त्यांच्या पत्नी अरुणाबाईंनी न विचारता तो आणला, आणि सर त्यातली चटणी मिटक्या मारत खाऊ लागले.

आपली मतं ते पंधरा वर्षं अर्जांतून महापालिकेला कळवत होते. एकाही अर्जाला उत्तर आलं नव्हतं, म्हणून मतांना धोका नव्हता. पण चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या धसक्यानंतर शहराने कात टाकली, कचेऱ्यांतली माणसंसुद्धा हलायला लागली. शहाण्णव साली वॉर्डात एक तरुण साहेब आले आणि त्यांनी घात केला. 'शेजारधर्म आणि शासन' हा सरांचा बारा पानी लेख त्यांनी वाचला, वर पसंतही केला.

लेखाचं म्हणणं असं की आपली गल्ली झाडायला पालिका कशाला, शेजाऱ्यांनी आपणहून झाडावी. साहेबांनी प्रयोगासाठी अडाजणमधली सरांचीच सोसायटी निवडली. महिनाभर जमलं तर वॉर्डातल्या चाळीस गल्ल्यांना तेच धोरण लागू होणार होतं. सतरा वर्षं ही गल्ली झाडणाऱ्या धुरपदाबाईंची बदली झाली. त्या खानदेशातल्या, लिंबायतला राहायच्या. नवी जागा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन रिक्षा बदलून जायची. सरांना थोडं वाईट वाटलं, पण आपला लेख धोरण होतोय या आनंदापुढे ते फार टिकलं नाही.

सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले. शेजारच्या हसमुखभाईंनी तर रंगीत पेनाने पाळ्यांचा तक्ता काढला. पहिली पाळी त्यांचीच होती, आणि त्याच सकाळी त्यांचा गुडघा धरला. दुसऱ्या दिवशीच्या घरात बारडोलीचं लग्न निघालं. तिसऱ्याने नोकराला पाठवतो म्हणून सांगितलं, नोकर कुणाला दिसला नाही. चौथ्या दिवशी पहाटे पाचला सरांनी गुपचूप झाडू उचलला. पंधरा वर्षांनी कुणीतरी ऐकलं होतं, आता तोंडघशी पडायची त्यांची तयारी नव्हती. महिनाभर ते एकटेच झाडत राहिले, आणि शेजारी एकमेकांना सांगत राहिले की बघा, आपण सगळ्यांनी मनावर घेतलं की कसं होतं. अरुणाबाई रोज सकाळी कंबरेला तेल चोळून देत आणि आज शेजारधर्म कुठवर आला असं विचारत.

साहेबांची पाहणी नेमकी चंदनी पडव्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या रात्री, अख्खी सुरत उघड्यावर बसून घारी ही तुपातली मिठाई आणि भुसू हे फरसाण खाते, सोसायटीही खायला पुरेपूर हजर होती. सकाळी गल्लीभर कागदी ताटल्या, तुपकट पुडे आणि फरसाणाचा चुरा. सर तासभर झाडत होते, पण लोटलेलं सगळं पुन्हा त्यांच्याच पायाशी येत होतं. साहेब नऊला येणार होते. सरांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात धुरपदाबाई आल्या. आज त्यांची सुट्टी होती. पडव्याच्या दुसऱ्या सकाळी घरोघरची एक घारी त्यांची, ही इथली सतरा वर्षांची रीत, आणि ती मोडल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी क्षणभर सरांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"मास्तर, वारा नदीकडथून येस. तुम्ही उलटं झाडी ऱ्हायनात."

त्यांनी झाडू घेतला, नदीकडच्या टोकापासून सुरुवात केली. कुठल्या दारापाशी पाणी शिंपडायचं, कुठल्या कोपऱ्यात ढीग करायचा, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. पाऊण तासात गल्ली लख्ख झाली. सर ओट्यावर बसून बघत राहिले. या गल्लीत जुनी, चालती, कुणी न लिहिलेली गोष्ट एकच होती, आणि ती त्यांनी बारा पानं लिहून मोडली होती.

साहेब आले, खूश झाले. हसमुखभाईंनी धडधाकट गुडघ्याने पुढे होऊन अभिनंदन स्वीकारलं. सोमवारी चाळीस गल्ल्यांचा हुकूम काढतो, असं साहेब म्हणाले. सर ओट्यावरून उठले.

"साहेब, आज गल्ली या बाईंनी झाडलीय. महिनाभर मी झाडत होतो, तेही उलटं. माझा लेख मला परत द्या. आणि यांना इथे परत आणा."

हसमुखभाई आभाळाकडे पाहू लागले. लेख आपल्याला फार आवडला होता, असं साहेब हळहळत म्हणाले. मलाही आवडला होता, सर म्हणाले. अखेर साहेबांनी तिथेच सरांकडून लेख मागे घेण्याचा आणि बदली रद्द करण्याचा दोन ओळींचा अर्ज लिहून घेतला आणि त्यावर सही केली.

धुरपदाबाई मग घारीसाठी दारोदार निघाल्या. ताम्हणकरांच्या दारात अरुणाबाईंनी त्यांच्या हातावर दोन घाऱ्या ठेवल्या, दुसरी सरांच्या वाट्याची. रिवाज एकाच घारीचा होता. बदल सरांच्या लगेच लक्षात आला, पण का म्हणून त्यांनी विचारलं नाही.