शेख बाईंचा शेरा

शरिफा शेख, म्हणजे आमच्या शेख बाई, खर्ड्याच्या शाळेतून निवृत्त झाल्या त्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी गेल्या नाहीत. थेट वाचनालयात आल्या आणि मला म्हणाल्या, "हनुमंता, ज्यात लढाई नाही, तह नाही आणि कुणी मिशीला पीळ देत नाही, असं एखादं पुस्तक दे."

मी या वाचनालयाचा ग्रंथपाल. चौथीपर्यंत बाईंच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्यांच्यासमोर अजूनही खुर्चीत नीट बसतो. पण ही मागणी ऐकून गोंधळलो. आमच्या गावात किल्ला, गावाच्या नावाची लढाई इतिहासात, त्यामुळे कपाटंच्या कपाटं ऐतिहासिक कादंबऱ्यांनी भरलेली. मला स्वतःला त्याच आवडतात. शेवटी तळाच्या फळीवर कुणीतरी फुकट टाकून गेलेली एक जाडजूड कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर आग ओकणारा ड्रॅगन आणि त्याच्या पाठीवर बर्फातही उघड्या अंगाने बसलेला एक तरुण. "हे चालेल," बाई म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या वाचनालयावर ड्रॅगनचं आणि अंतराळयानांचं राज्य आहे. नवीन अद्भुत कादंबरी आली, विज्ञान कादंबरी आली, मराठीतली असो की मराठीत आणलेली, नगरला गेलो की मला ती आणावीच लागते.

बाईंचं वाचन म्हणजे पेपर तपासणं. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये टोक काढलेली पेन्सिल. नवी कादंबरी हातात आली की पहिली परीक्षा हजेरीची. पात्रांची नावं त्या माझ्या टेबलापाशी उभ्या राहून मोठ्याने वाचायच्या. "झ्थार्क. व्रिल्ल. क्षिऑन." मग चष्मा वर करून विचारायच्या, "ह्या पोराला वर्गात हाक कशी मारायची रे? आणि ह्याची आई ह्याला जेवायला कशी बोलावत असेल?"

आईचा प्रश्न तसा येतच नसे, कारण या कादंबऱ्यांतला नायक पहिल्याच पानावर पोरका होतो. बाईंना याचा भारी राग. "लेखकाला आईची भीती वाटते," त्या म्हणायच्या. "आई जिवंत असली तर विचारील, कुठे चाललास, कुणाबरोबर चाललास, डबा घेतलास का. मग जग कोण वाचवणार?"

एका कादंबरीत राजाच्या पदरी शेकडो ड्रॅगन होते. दुष्काळात छावणीत बांधलेली गुरं बाईंनी पाहिलेली आहेत. त्यांनी विचारलं, एवढी जनावरं खातात काय, त्यांना पाणी कुठून येतं आणि शेण कोण उचलतं? लेखकाने याचा खुलासा अख्ख्या पुस्तकात केला नव्हता. शेवटी सगळ्या सैन्याने जयघोष केला, पण शेण तसंच राहिलं.

भविष्यातल्या एका उद्ध्वस्त जगाची कादंबरी मी मोठ्या कौतुकाने आणली. मलपृष्ठावर छापलं होतं, 'अंगावर काटा आणणारं भविष्य'. त्यात पाणी संपलेलं असतं, माणसं टँकरची वाट बघत रांगेत भांडत असतात आणि राज्यकर्ते यानात बसून वरून पाहणी करतात. बाईंनी ती दुसऱ्याच दिवशी परत आणून टेबलावर आपटली.

"हे भविष्य आहे? हा तर मागचा मे महिना आहे."

यंत्रमानव प्रेमात पडला की त्या पुस्तक मिटून पाणी प्यायच्या. आणि 'खंड पहिला' हे शब्द दिसले की कपाळाला आठ्या पडायच्या. असं पुस्तक ऐन लढाईत संपायचं, आणि दुसऱ्या खंडाचं काम चालू आहे असं कळायचं. "आपल्या रस्त्याचा ठेकेदारही हेच सांगतो," बाई म्हणायच्या.

मी एकदा वैतागून विचारलं, "बाई, एवढा त्रास होतो तर वाचता कशाला?"

"माझं सगळं आयुष्य या गावात गेलं, हनुमंता. मला कधी न पाहिलेलं काहीतरी बघायचंय. ही माणसं मला लाखो मैल लांब नेतात आणि परत आपल्या जामखेडच्या स्टँडवरच आणून सोडतात. पण एखादा कधीतरी पुढे नेईल." असं म्हणून त्यांनी पुढचं पुस्तक उचललं.

वाचून झालेल्या प्रत्येक कादंबरीच्या शेवटच्या पानावर त्या पेन्सिलीने शेरा लिहायच्या. एकच शेरा, सुवाच्य अक्षरात: 'मी वाचले.' खाली सही. गावाला याचं फार कौतुक. बाई बघा, वाचलेलं लिहून ठेवतात.

मध्यंतरी नगरहून वाचनसंस्कृतीवर बोलणारे एक पाहुणे आले होते. त्यांनी दोन-चार पुस्तकं उघडून ते शेरे पाहिले आणि गहिवरले. बाईंना म्हणाले, "वा! 'मी वाचले.' किती प्रामाणिक नोंद! आणि शेख असूनही तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो."

"तुमचंही होईल," बाई म्हणाल्या. "साहेब, पुरात बुडणारी बाई काठाला लागली की काय म्हणते?"

"काय म्हणते?"

"मी वाचले."

पाहुण्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी चहा अर्धाच ठेवला. तिथे आम्ही तिघंच होतो, त्यामुळे गावात ही गोष्ट फुटली नाही. पाहुणे गेल्यावर मी पोट धरून हसलो आणि बाईंना विचारलं, "एखादी कादंबरी मनापासून आवडली तर मग काय लिहाल?"

"अजून वेळ आली नाही," त्या म्हणाल्या.

आणि मग आमच्या ओंकारने कादंबरी लिहिली.

ओंकार म्हणजे रतनबाईंचा मुलगा. बाईंच्या शेवटच्या वर्गातला. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. 'उल्कादुर्ग, खंड पहिला' हे त्याच्या पुस्तकाचं नाव. छापून आल्या आल्या त्याने पहिली प्रत बाईंना पोचवली आणि प्रकाशनाचा कार्यक्रम गावातच, त्याच शाळेत ठेवला. माझ्याकडे आला तेव्हा उतरलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "सर, सगळे छानच म्हणतात. ऑफिसातले म्हणतात. अश्विनीने तर न वाचताच छान म्हटलं." अश्विनी म्हणजे त्याची बायको. "मला एकाचंही खरं वाटत नाही. बाई काय म्हणतात त्यावर मी ठरवणार. त्यांना वाटलं तर दुसरा खंड लिहीन, नाहीतर लिहिणं कायमचं बंद."

हे ऐकून मी घाबरलो, कारण मी ते पुस्तक चाळलं होतं. आमच्या किल्ल्यावर उल्का पडते आणि किल्ला बुरुजांसकट अंतराळात उडतो. त्यात ड्रॅगन होते, प्रेमळ यंत्रमानव होता, पहिल्या पानावर पोरका झालेला नायक होता आणि त्याचं नाव क्ष्राव. बाईंना चिडवायलाच लिहिल्यासारखं सगळं जमून आलं होतं. मी अर्ध्यातच सोडलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रतनबाई शेतातून तशाच वाचनालयात आल्या.

"हनुमंता, बाईंना सांग की रं बाबा. पोराचं मन मोडू नका म्हनावं. लई आशेनं लिव्हलंय त्यानं."

"तुम्ही पाहिलंत का मावशी, पुस्तक?"

"मला कुटं वाचाया येतंय? पर चांगलं जाड हाय."

मी बाईंकडे गेलो. जरा सांभाळून घ्या म्हटलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू चौथीत भागाकार चुकवायचास तेव्हा मी सांभाळून घेतलं होतं?"

"नाही, बाई."

"मग?" असं म्हणून त्यांनी मला मेथी निवडायला बसवलं. पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

कार्यक्रमाला निम्मं गाव लोटलं. व्यासपीठामागे मोठा फ्लेक्स, त्यावर हात बांधून उभा ओंकार आणि मागे त्याच्याच डोक्यावर आग ओकणारा ड्रॅगन. सरपंचांनी पुस्तक न उघडता त्यावर बराच वेळ भाषण केलं आणि गावाचं नाव आता आकाशात गेलं असं सांगितलं. मग बाई उठल्या. ओंकार खुर्चीच्या टोकावर आला. मी देवाचं नाव घेतलं.

"रतनबाई," बाईंनी माईक हातात घेतला, "तुमच्या पोराने तुम्हाला पहिल्याच पानावर मारलं आहे."

रतनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि ओंकारकडे बघितलं. ओंकार फ्लेक्सकडे बघू लागला.

"ह्याचा किल्ला आकाशात उडतो. माणसं वर राहतात. मग खाली पीठ कोण दळतं, वर कोण पोचवतं? ह्याच्या नायकाला सगळी विद्या एका रात्रीत येते. ओंकार, तुला सातचा पाढा यायला किती महिने लागले ते मला माहीत आहे. ड्रॅगन तर कशासाठी घेतलेत ते त्यांनाही कळलेलं नाही. आणि नायकाचं नाव उच्चारताना माझी कवळी हलली."

लोक हसत होते. ओंकार मात्र हसत नव्हता. मला त्याची फार कीव आली आणि बाईंचा राग आला, अगदी मनापासून आला. एवढ्या लोकांत बोलायची काय गरज होती?

ओंकार उठला. आवाज सावरत म्हणाला, "बाई, तुम्ही शेवटच्या पानावर शेरा लिहिता ना, तो लिहा. तेवढा मला जपून ठेवू द्या."

बाईंनी पर्समधून स्वतःची प्रत काढली. म्हणाल्या, "लिहून आणलाय." ओंकारने शेवटचं पान उघडलं. माईक जवळच होता, आणि त्याने वाचलं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी वाचले नाही."

पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मग रतनबाईच उठल्या. "न वाचताच येवढं बोललात व्हय बाई? माझ्या पोरानं तुमच्यासाटी गाव गोळा केलं, आन् तुमी वाचलंच न्हाई?"

त्या शाळेत मी एकटा असा होतो, की ज्याला त्या शेऱ्याचा अर्थ लागला. सांगायला उभा राहिलो, तर बाई म्हणाल्या, "हनुमंता, बस." मी बसलो.

त्यांनी पुस्तक मधूनच उघडलं. मी जिथे सोडून दिलं होतं, त्याच्या थोडं पुढे 'हजेरी' नावाचं एक छोटं प्रकरण होतं. पृथ्वी रिकामी झाली आहे. मुलं यानांत बसून दूरच्या ग्रहांवर निघून गेली आहेत. एक म्हातारी बाई मागे राहिली आहे. ती रोज सकाळी शाळा उघडते, फळा पुसते आणि गेलेल्या मुलांची हजेरी घेते. कुणी उत्तर देत नाही. ती प्रत्येकाला हजर मांडते.

बाई वाचू लागल्या. "गहिनीनाथ." तो नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात होता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. "पुंजाराम." तो गाव सोडून कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. "कानिफनाथ." मग मुलींतली "फलक." सगळ्या पुस्तकात इथेच नावं हाक मारण्यासारखी होती. ती ओंकारच्या वर्गातली होती. "फैयाज."

"हजर बाई!" मागून आवाज आला. फैयाज गावात टेम्पो चालवतो. सवयीनेच बोलून गेला आणि लाजून खाली बसला. या वेळी कुणी हसलं नाही.

बाईंना पुढे वाचवेना. चष्मा काढून त्या डोळे पुसत राहिल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यांचे यजमान वारले तेव्हासुद्धा नाही.

"पट कमी झाला, वर्ग बंद झाला, मी निवृत्त झाले," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी चहा ठेवला की मी ही नावं म्हणते. रोज. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लोक म्हणतील, म्हातारी भ्रमली. ह्या पोराला कसं कळलं, अल्लालाच माहीत. रतनबाई, मी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलंय. आजपर्यंत कितीतरी पुस्तकांतून मी वाचले. ह्या चार पानांतून मी वाचले नाही."

मग त्या ओंकारकडे वळल्या. "हजेरीत एक नाव राहिलंय. तू स्वतःचं लिहिलं नाहीस."

ओंकारने मान खाली घातली.

"ओंकार," बाईंनी हाक मारली, वर्गात मारायच्या तशी.

"हजर, बाई."

"दुसरा खंड लिही. ड्रॅगन काढून टाक. आणि आईला जिवंत कर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी तर काही न कळताच सगळ्यांत जोरात वाजवल्या. रतनबाई मात्र तशाच उभ्या होत्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, मला काय बी समजलं न्हाई. पोरगं पास हाय का नापास, तेवडं सांगा."

बाईंनी चष्मा घातला.

"हजर आहे, रतनबाई," त्या म्हणाल्या.