सांदवाडीतला लोखंडी खांब

माझ्या बायकोलाही हे माहीत नाही. आणि तिला तर माझ्या खिशात खर्ऱ्याची पुडी आहे की नाही, हे मी दारातून आत यायच्या आधीच कळतं. तिच्यापासून एवढं मोठं काही लपवता येईल असं मलाच वाटलं नव्हतं. पण लपवलं. भीतीनं लपवलं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा या वर्षी जे झालं त्यानंतर ते पोटात ठेवून झोपता येत नाही, म्हणून असेल.

आमचं गाव आंधळगावच्या पुढं. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते — दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. मंडईला पाहुणा आला नाही तर माणूस खट्टू होतो, आणि आला तर त्याला कुठं बसवू, असं होतं. आमचं आतलं स्वयंपाकघर एवढंसं. म्हणून पाहुण्यांचा स्वयंपाक घरामागच्या परसात, म्हणजे सांदवाडीत, उघड्यावर व्हायचा. एका मंडईला ऐन संध्याकाळी अवकाळी पाऊस आला आणि मटणाच्या गंजात पाणी पडलं. पाहुणे हसले. मला ते फार लागलं. त्याच दिवशी ठरवलं — पुढच्या मंडईला सांदवाडीत पक्कं शेड पाहिजे. एका बाजूला दोन चुली आणि ओटा, दुसऱ्या बाजूला धान भरलेल्या चुंगड्या, सरपण आणि अवजारं.

मी आणि माझा धाकटा भाऊ दिलीप, आम्ही दोघांनीच ते उभं केलं. लोखंडी पाइपचे खांब गाडले, आंधळगावहून छपराला टिना आणल्या. खरं सांगायचं तर दिलीप नुसता धरायला होता, डोकं माझं. गावात कुणाची मोटर बंद पडली, पंखा फिरत नसला, की मलाच बोलावणं येतं. शिकलो कुठंच नाही, पण हात घालीन ते चालू करीन अशी माझी ख्याती. या ख्यातीचा मला किती गर्व होता, हे तुम्हाला पुढं कळेलच.

शेड झालं. आईनं मधल्या खांबाला कुंकू लावलं, नारळ बांधला. नवं बांधकाम आणि त्यात नवं धान यायचं, म्हणून तो देवाचा खांब. बाकी होती फक्त लाईट.

मंडईच्या दिवशी सकाळी मी घरातून खिडकीवाटे वायर बाहेर काढली. ती तोकडी पडली, म्हणून तुकडा जोडला. जोडावर लावायला टेप संपली होती. दुकानं बंद, सगळे आपापल्या पाहुण्यांत. मग मी काय केलं? प्लास्टिकच्या थैलीची पट्टी फाडली आणि तीच जोडावर गुंडाळली. वायर लोंबू नये म्हणून त्या जोडापाशीच मधल्या खांबाला बाइंडिंग तारेनं करकचून आवळली. बल्ब लागला. आई म्हणाली, दिवाळी आता आली. माझ्या साळ्यानं पाठीवर थाप मारली. मी फुगलो.

आणि दुपारी त्या खांबाला थैली अडकवायला गेलो, तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

पायात रबरी चप्पल होती, म्हणून तेवढ्यावर भागलं. मला लगेच कळलं. दुसऱ्याच्या घरी असं निघालं असतं, तर मी आधी बटण बंद करून मग त्या माणसाला शिव्या घातल्या असत्या. इथं मी काय केलं — इकडं तिकडं पाहिलं. कुणी बघितलं का? कुणी नाही. पाहुणे ओट्याजवळ चहा पीत होते, बल्बचं कौतुक चाललं होतं. आत्ता बंद केला तर साळा विचारेल, काय झालं जी मिस्त्री? सकाळी बघू, असं मी मनाशी म्हटलं. आणि त्यानंतर मी स्वतः त्या खांबाच्या जवळ गेलो नाही. हे नीट लक्षात घ्या. मी स्वतः लांब राहिलो, आणि बायकांना तिथंच रांधू दिलं.

संध्याकाळ झाली. जमीन नुकती शेणानं सारवलेली, अजून ओली. मालू — दिलीपची बायको — अनवाणी, हात पाण्यातले, चुलीवरचा गंज उतरवायला उठली. उठताना तिनं आधाराला खांब धरला.

तिचा आवाज निघाला नाही. याचीच मला अजून भीती वाटते. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ताठ झाली, आणि तिचं तोंड माझ्याकडं होतं. मी दारात उभा होतो. बाजूलाच सरपणाचा ढीग होता, वाळलेली लाकडं. एक उचलून तिच्या हातावर मारायचं, एवढंच. हे मी गावातल्या पोरांनासुद्धा शिकवलेलं आहे. ते नाही तर निदान ओरडायचं — करंट! तो शब्द माझ्या तोंडात आलेला होता. पण तो उच्चारला की लगेच पुढचा प्रश्न येणार होता, आणि त्याचं उत्तर मीच होतो. मी उभा राहिलो. किती वेळ? मला माहीत नाही. मग तिचे गुडघे गेले आणि तिच्याच वजनानं हात सुटला. पडताना तोच हात चुलीत गेला.

मग सगळे धावले. मीही धावलो — पण आत, बटणाकडं. बंद केलं, आणि बाहेर येऊन विचारलं, काय झालं?

मी तिचा भासरा. आमच्याकडे भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोला हात लावायचा नाही, चुकूनसुद्धा. तीही माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, माझ्याशी थेट बोलत नाही. म्हणून पुढं कुणी तरी म्हणालंच, भासरा कसा जाऊन धरणार बिचारा? मी मान खाली घातली. ती सवलत मी घेतली.

शुद्धीवर आल्यावर मालू एकच वाक्य बोलत होती. "खांबानं धरलं मले. सोडूनच नाही राहिला होता."

तिचं ओलं लुगडं बदलताना बायकांना कळलं की ती अडचणीत आहे, पाळी आलेली. तिनं सांगितलं नव्हतं. कशी सांगणार? मंडईचा दिवस, घर भरलेलं, आणि धाकटी सून बाजूला बसली असती तर तेही बोलणं तिलाच खावं लागलं असतं. आईनं कपाळावर हात मारला. "अडचणीतली बाई देवाच्या खांबाले हात लावते, मंग धरन नाही त काय करन?" झालं. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. सगळ्यात जास्त माझं.

भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तळहात पाहिला आणि विचारलं, करंट लागला का? आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, नाही साहेब, चुलीवर पडली. भाजल्याचं औषध झालं. करंटचं सांगितलं असतं तर आणखी काही तपासलं असतं का, बोटं वाचली असती का — मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही. तिची दोन बोटं आजही मिटलेलीच आहेत.

पण दिलीप खुळा नाही. दवाखान्याच्या पायरीवर तो मला हळूच म्हणाला, "दादा, करंट त नसन ना?" मी म्हणालो, घरी जाऊन पाहू. आणि सकाळी डबा आणायच्या निमित्तानं मी एकटाच आधी घरी आलो. पाहुणे पांगले होते, आई दवाखान्यात, बायको आतल्या स्वयंपाकघरात डब्याच्या गडबडीत. मी जोड तोडला, थैलीची पट्टी चुलीत टाकली, भंडाऱ्याहून येताना आणलेली नवी वायर घातली, खांबाला लाकडी पट्टी ठोकून त्यावरून नेली. इतकं नेटकं काम मी आयुष्यात केलं नसेल. आधीची वायर कशी होती हे दिलीपनं नीट पाहिलेलंच नव्हतं; तो आला तेव्हा मीच त्याच्या हातात टेस्टर दिला. "पाह्य ना, तूच पाह्य." त्यानं खांबाला वर लावला, खाली लावला. टेस्टर पेटला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं — रागानं नाही, ओशाळून. माझ्यावर संशय घेतला म्हणून ओशाळून! आणि त्यानंतर बायकोच्या बाजूनं तो कधी एक शब्द बोलला नाही. तिच्या बाजूचा एकच माणूस होता. तोही मी काढून घेतला.

सुरुवातीला मला पकडलं जाण्याची भीती होती. दिलीपला कळलं तर? गावाला कळलं तर कोण मला मोटरला हात लावू देईल? मग हळूहळू भीती बदलली. मालू त्या शेडमध्ये रोज रांधते, एका हातानं आणि अर्ध्या हातानं, पण मधल्या खांबाजवळून जाताना पदर आवरून, अंग चोरून जाते. महिन्याचे ते चार दिवस तर ती शेडची सावलीसुद्धा ओलांडत नाही. आणि दर मंडईला सकाळी न्हाऊन त्या खांबापुढं नारळ फोडते, हात जोडते. माफी मागते. मी ओसरीतून बघतो. तिची ती मिटलेली बोटं नीट जुळत नाहीत. अशा वेळी मला वाटतं, तिनं नुसतं मागं वळून माझ्याकडं पाहिलं तर मी तिथल्या तिथं सगळं बोलून टाकीन. ती वळत नाही. मी भासरा आहे ना.

कितीदा ठरवलं. एकदा तर दिलीपला शेतात घेऊन गेलो, बांधावर बसवलं, आणि अर्धा तास धानावरच्या करप्यावर बोललो. आई गेली तेव्हा वाटलं, आता सांगायला काय हरकत आहे? पण आई जाताना मालूला जवळ बोलावून म्हणाली होती, देवानं तुझं ऐकलं असन आता. ती ते ऐकून रडली होती. मी मधे उभा राहून काय सांगणार होतो — की देव नव्हताच तिथं, मी होतो?

हे इथवर ओढत आणलंच होतं, आणि कदाचित तसंच सरणावर नेलं असतं. पण दिलीपची पोरगी, रेणू, आता मोठी झाली. या वर्षी, मंडईच्याच दिवसांत. मालूनं तिला सांदवाडीच्या पार टोकाला, गोठ्याच्या भिंतीशी चटई टाकून बसवलं. माझी बायको म्हणाली, अगं थंडी आहे, घरात बसू दे एका कोपऱ्यात. मालू ऐकेना. घरात यायचं तर वाट शेडमधून, खांबाजवळून. पोरीला सांगताना ती आपला हात पुढं करून दाखवत होती.

रेणू शाळेत विज्ञानात पहिली असते. तिला ते पटलेलं नव्हतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. मी गोठ्यात गेलो तेव्हा तिनं मला थांबवलं. पोरीला भासऱ्याचा नियम नाही, ती माझ्याशी बोलू शकते. आवाज खाली करून तिनं विचारलं, "मोठेबाबा, तुम्ही त होते ना तवा तिथं? खरंच धरते का जी तो खांब?"

तिला खरं ऐकायचं होतं. मी नाही म्हटलं असतं तर ती उठून चालत घरात गेली असती, आणि मालू तिच्यामागं ओरडत धावली असती, आणि मग सगळं बाहेर आलं असतं. हे सगळं मला त्या क्षणात दिसलं. पुन्हा तीच भीती, पुन्हा तसाच दारात उभा राहिल्यासारखा मी.

मी म्हणालो, "धरते."

तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग उठली, चटई उचलली, आणि अजून मागं, भिंतीला अगदी टेकून अंथरली.