रिपोर्ट स्पॅममध्ये, पाटी काउंटरवर

मेलवर रिपोर्ट आला नाही की लॅबला शिव्या घालता ना? खुशाल घाला. आज मीही घातल्या, आणि मी तिथेच नोकरी करते.

कर्वेनगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे मेल मी सांभाळते. सकाळी शेखकाका काउंटरवर आले. रिपोर्ट मिळाला नाही म्हणून काकूंचं आजचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

"ताई, काल रात्रभर फोन हातात धरून बसलो होतो."

मी त्यांच्या फोनवर स्पॅम उघडलं. रिपोर्ट कालपासून तिथे पडला होता. मी प्रिंट काढून दिली. ती घेऊन ते तसेच हॉस्पिटलकडे निघाले.

ही कृपा आमच्या साहेबांची. वर्षानुवर्षं बंद असलेले ईमेल पत्ते मी यादीतून काढले होते. साहेबांनी ते परत घातले आणि सगळ्यांना चेकअपची ऑफर पाठवली. "फुकटात पडलेत, टाकायचे कशाला?"

मी सांगितलं होतं, की मेल कंपन्या अशा काही बंद पत्त्यांचा सापळा करतात. तिथे मेल पाठवणारा त्रासदायक ठरतो आणि मग त्याचे कामाचे मेलही स्पॅममध्ये जातात.

"आपण काय चोर आहोत का?" म्हणाले.

दुपारी काउंटरवर पाटी लागली: 'रिपोर्ट न आल्यास आपले स्पॅम तपासावे. येथे वाद घालू नये.'

आता साहेबांचा हुकूम आहे, हीच सूचना सगळ्यांना मेलने पाठवा. जुन्या पत्त्यांसकट.

ती कुठे जाऊन पडेल, तुम्हीच सांगा.